कारणे द्या : महाराष्ट्रात भूकंप होत नाहीत

प्रश्न अरुंधतीबाई सोवनींनीच काढला होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं त्यांची उगाच कीव येत राहील. सदुसष्ट साली दिवाळीच्या सुट्टीत, तळेगावच्या घरी चटईवर बसून त्यांनी अकरावीच्या पूर्वपरीक्षेचा भूगोलाचा पेपर काढला. चौथा प्रश्न 'भौगोलिक कारणे द्या' असा होता. त्यात तिसरं विधान त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : महाराष्ट्रात भूकंप होत नाहीत. गुण चार.

पेपर एकट्या त्यांच्या चिंचवडच्या शाळेपुरता नव्हता. आसपासच्या पाच शाळांनी मिळून एकच पेपर पुण्याहून छापून आणायचा, ही मुख्याध्यापक हरिहर खासनीस यांची कल्पना, आणि तिचा त्यांना पहिल्या नातवासारखा अभिमान. पेपर काढणाऱ्यानं नमुना उत्तरंही लिहून द्यायची. म्हणजे पाचही शाळांत त्याबरहुकूम तपासणी होते आणि कुणाला डोकं चालवावं लागत नाही. बाईंनी तीन कारणं लिहून दिली. दख्खनचं पठार अतिप्राचीन आणि कठीण खडकाचं आहे. इथं हिमालयासारखे तरुण पर्वत नाहीत. इथं जागृत ज्वालामुखी नाहीत. वर्गातही त्यांनी हेच शिकवलं होतं आणि चाळीस पोरांकडून एका सुरात म्हणून घेतलं होतं. पुस्तकात तसंच छापलेलं होतं. बाईंना ते खोटं वाटायचं काही कारण नव्हतं.

मग अकरा डिसेंबरचा सोमवार उजाडायच्या आत जमीन हलली. तळेगावला फळीवरची पितळी भांडी धडाधड खाली आली आणि बाईंचे वडील चोर आले म्हणून ओरडत उठले. दुपारपर्यंत शेजाऱ्यांच्या ट्रान्झिस्टरवर सगळं कळलं. कोयनानगर जमीनदोस्त झालं होतं, माणसं अंथरुणातच गाडली गेली होती. कोयनेचं वीजघर बंद पडलं होतं. इकडं पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांत यंत्रं थांबली. पहिल्या शिफ्टची माणसं डबे घेऊन गेली तशी भरलेले डबे घेऊन परत आली आणि गावात भर दुपारी बाप्ये ओट्याओट्यांवर बसलेले दिसू लागले.

बाईंना पहिला विचार कसला आला? मेलेल्यांचा नव्हे. 'अरे देवा, चौथ्या प्रश्नातलं तिसरं!' हा आला. त्यांची त्यांनाच शरम वाटली, पण आला तो आलाच.

मंगळवारी त्या शाळेत पोचल्या तेव्हा शिक्षकांच्या खोलीत चहा चालू होता. शाळा रुळांपासून हाकेच्या अंतरावर. नेहमीची मालगाडी धडधडत आली, कपबशा किणकिणल्या, आणि खासनीस सर हातातला कप टाकून जे सुटले ते थेट मैदानात. धोतराचा सोगा पायात अडकला, एक वहाण पायरीवरच राहिली, पण गडी थांबला नाही. मागून गाडीचा शेवटचा डबा गेला. सगळी शाळा खिडक्यांतून बघत होती. सर परत आले, वहाण पायात सरकवली आणि म्हणाले, "मैदानात कोण पोरं आरडाओरडा करतायत ते बघायला गेलो होतो." मैदानात चिटपाखरूही नव्हतं.

अशा माणसाला समजावणं सोपं जाईल, असं बाईंना वाटलं. तासाभरानं त्या त्यांच्या खोलीत गेल्या.

"सर, भूगोलाच्या पेपरातला एक प्रश्न बदलायला हवा. महाराष्ट्रात भूकंप होत नाहीत, याची कारणं विचारली आहेत मी."

"मग?"

"मग म्हणजे? काल झाला की."

खासनीस सर काही महत्त्वाचं बोलायच्या आधी समोरचे कागद उलटत. उलटताना दर कागदाला बोट जिभेवर फिरवत. पानाच्या कोपऱ्यावर ओला डाग उठे, आणि तेच पान मग दुसऱ्यानं हातात घ्यायचं. आठ वर्षं बाई ती पानं हातात घेत आल्या होत्या.

"पाकिटं सीलबंद होऊन आली आहेत," सर म्हणाले. "पाच शाळांची. तुमच्या एका विधानासाठी ती फोडू?"

"फोडू नका. वर्गात सांगता येईल, तेवढं एक विधान गाळा म्हणून."

"पाच शाळांत निरोप धाडू, की आमच्या सोवनीबाईंनी प्रश्न चुकीचा काढला?" सरांनी आणखी एक पान ओलं केलं. "बाई, पुस्तक मंजूर झालेलं आहे. पुस्तकातून ओळ निघत नाही तोवर महाराष्ट्रात भूकंप होत नाहीत. कालचा होता अपवाद. अपवाद आपण परीक्षेत विचारत नाही."

खोलीच्या बाहेर आल्यावर बाईंनी पदराला बोटं पुसली. त्यांनी कशालाही हात लावला नव्हता.

आता या पूर्वपरीक्षेत इतकं काय अडलं होतं, तेही सांगायला हवं. अकरावीच्या शेवटी तेव्हा मॅट्रिक असे. मॅट्रिकला शाळेचा निकाल शंभर टक्के लावायचा, तर कच्ची पोरं मॅट्रिकला बसूच द्यायची नाहीत, हा त्या काळचा सोपा उपाय होता. पूर्वपरीक्षेत एका जरी विषयात पस्तिसाच्या खाली आलं, की शाळा त्या मुलाचा फॉर्मच पाठवत नसे. वर्ष वाया. मुलगा असेल तर पुढल्या वर्षी बसे. मुलगी असेल तर बहुतेक वेळा तिच्या हळदीचं आमंत्रण येई.

भूगोलाचा पेपर एकवीस तारखेला गुरुवारी झाला. वर्गावर बाईच होत्या. प्रश्नपत्रिका वाटताना त्यांना वाटलं होतं, पोरं चौथ्या प्रश्नाशी येतील तेव्हा एखादं तरी फिसकन हसेल. कोणी उठून विचारेल, बाई हे काय? काय उत्तर द्यायचं, तेसुद्धा त्यांनी मनाशी जुळवून ठेवलं होतं. कोणी हसलं नाही, कोणी विचारलं नाही. दहा दिवसांपूर्वी ज्यांच्या अंगावर छपराची माती पडली होती, ती पोरं माना खाली घालून कारणं लिहीत होती. सुरेंद्र नावाच्या मुलाच्या डोक्यात कौल पडून चार टाके पडले होते. तो डोक्याला पट्टी बांधून आला होता आणि पट्टीखालून घाम पुसत लिहीत होता : येथील खडक अतिप्राचीन व कठीण असल्याने.

बाई त्याच्या मागं उभं राहून ते वाचत होत्या. हे आपण शिकवलं, आणि किती छान शिकवलं!

पेपर तपासायला त्या तळेगावला घेऊन गेल्या. एकोणचाळीस उत्तरपत्रिका. नमुना उत्तर बाजूला, हातात लाल पेन्सिल. पहिल्या सहा-सातांना चारपैकी चार देताना हात जड झाला. मग सवयीनं हलका झाला. पोरांचा काय दोष? जे ओतलं ते सांडलं. अडतीस जणांनी तीच तीन कारणं लिहिली होती, बहुतेकांनी स्वल्पविरामासकट.

एकोणचाळिसावी ताजुन्निसाची होती.

ताजुन्निसा ही आकुर्डीच्या हनीफ मेकॅनिकची मुलगी. मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचं ट्रक दुरुस्तीचं गॅरेज. त्यांच्या घरात अकरावीपर्यंत आलेली ही पहिली मुलगी. हनीफनं तिच्या आजीला आणि मामांना बजावून ठेवलं होतं, की पोरगी मॅट्रिकला बसेल, तोवर जुन्नरच्या स्थळाचं नाव काढायचं नाही. पण नापास झाली तर मग मी मधे पडणार नाही. हे बाईंना हनीफनंच एकदा शाळेच्या फाटकाशी सांगितलं होतं. भूगोलात ती पोर नेहमी पन्नाशीच्या वर असे. या खेपेला पेपर अर्धा कोरा होता. ऊर्जासाधनांच्या प्रश्नात 'कोळसा' एवढा एकच शब्द, नकाशा मोकळा. पण चौथ्यातल्या तिसऱ्याला दीड पान लिहिलेलं होतं.

'हे कारण देता येत नाही. महाराष्ट्रात भूकंप होतात. मागच्या सोमवारच्या आधीच्या सोमवारी झाला. आमचे रोजे चालू असल्याने आम्ही सगळे सहरीसाठी म्हणजे पहाटेच्या जेवणासाठी जागे होतो. अम्मी तव्यावर भाकरी टाकत होती तो तवा चुलीवरून सरकला. माझे बरकतचाचा मदतीचा ट्रक घेऊन कोयनानगरला गेले होते. त्यांच्याबरोबर पाठवायला आमच्या गल्लीने तीन दिवस भाकऱ्या केल्या म्हणून माझा अभ्यास झाला नाही. चाचा म्हणाले की दगडी भिंती आतल्या बाजूला पडल्या. आत लोक झोपलेले होते. चाचांनी नऊ जणांना बाहेर काढले, त्यातील दोन जिवंत होते. चाचा आल्यापासून छपराखाली झोपत नाहीत. जिथे वीज तयार होते तिथेच अंधार होता. म्हणून वरील विधान चूक आहे.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग ठळक चार आकडा घातला आणि त्याखाली रेघ मारली. बेरीज सदतीस आली. पास. त्या रात्री त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली, आणि आपण फार धीराचं काम केलं असंही वाटलं. माणसाला स्वतःवर खूश व्हायला किती थोडं पुरतं!

सव्वीस तारखेला खासनीस सरांच्या खोलीत काठावरच्या उत्तरपत्रिका फिरून पाहायला घेतल्या. तीस तारखेच्या आत फॉर्म रवाना व्हायचे होते. सर, बाई आणि गणिताचे गुरुदत्त चौबळ असे तिघं बसले. चौबळ सर निकालाच्या टक्केवारीचे दिवाण. त्यांनी पुढ्यात उकडलेल्या शेंगा घेतल्या होत्या आणि टरफलं उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावरच टाकत होते.

"ही ताजुन्निसा," चौबळ सर थांबले. "हिला चौथ्यातल्या तिसऱ्याला चारपैकी चार?"

"उत्तर बरोबर आहे," बाई म्हणाल्या.

"आणि या बाकीच्या अडतीस जणांनाही चारपैकी चार? यांनी लिहिलंय भूकंप होत नाहीत, हिनं लिहिलंय होतात. दोन्ही बरोबर? बाई, तुम्ही पेपर तपासायला बसला होता की प्रसाद वाटायला?"

या बाजूनं बाईंनी विचारच केला नव्हता.

चौबळ सरांनी शेंग सोलता सोलता हिशेबही सोलून दाखवला. हिची बाजू खरी धरली तर अडतीस जणांचे चार-चार गुण कापावे लागतील. कापले तर नऊ जण पस्तिसाच्या खाली जातात. त्या नवांत शाळा समितीच्या अण्णासाहेबांचा पुतण्या आहे. उलट हिचं चूक धरलं तर एकटी हीच जाते, तेहतिसावर. "एक की नऊ?" त्यांनी विचारलं आणि दाणे तोंडात टाकले.

"प्रश्नच रद्द करू," बाई घाईघाईनं म्हणाल्या. "प्रश्न चुकीचा होता म्हणून सगळ्यांना चार गुण देऊ. कुणाचंच नुकसान नाही. मी लेखी देते, चूक माझी."

खासनीस सरांनी ताजुन्निसाची उत्तरपत्रिका ओढली. बोट जिभेवर फिरलं. ते दीड पान त्यांनी वाचलं, म्हणजे त्यावरून नजर फिरवली. जिथं नऊ जणांना बाहेर काढल्याचं लिहिलं होतं, त्या ओळीच्या टोकाला त्यांच्या थुंकीनं शाई फुटली.

"लेखी दिलंत तर ते पाचही शाळांना पाठवावं लागेल," ते शांतपणे म्हणाले. "तिथून तपासणीससाहेबांकडं जाईल. ते विचारतील, भूकंपानंतर दहा दिवस होते, तेव्हा काय झोपला होता? झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. इतकी वर्षं लांबलेला तुम्हाला कायम करायचा ठराव जूनमध्ये समितीपुढं यायचा आहे. त्याच बैठकीत हे पत्र वाचायचं का? तुम्हीच सांगा."

बाईंच्या घरात मिळवतं माणूस एकच होतं, आणि ते सरांच्या पुढ्यात बसलं होतं. हाताच्या काकणाला आरसा कशाला लागतो? पण त्या खोलीत काकण सोडून सगळे आरसाच शोधत होते. बाईंना त्या दोघांची किळस आली. शेंगांच्या पाण्याचा खारट ओला वास, उत्तरपत्रिकेवरचा तो डाग, चौबळांच्या ओठाला चिकटलेलं लालसर साल. आणि सगळ्यांत जास्त किळस आली ती या गोष्टीची, की त्या गप्प बसल्या होत्या.

"मी काही राक्षस नाही," खासनीस सरांचा आवाज मऊ झाला. "मुलीचं वर्ष जावं असं मलाही वाटत नाही. उद्या तिला इथं बोलवा. माझ्यासमोर बसून तेवढं एक उत्तर नव्यानं लिहू दे, पुस्तकात आहे तसं. जुन्या पानावर नवं पान चिकटवू. चार गुण द्या, फॉर्म पाठवू. सगळेच सुटले. तुम्ही फक्त तिला समजावून आणा. तुमचं ऐकते ती."

यात तोटा कुणाचा, असं विचारलं असतं तर बाईंना सांगता आलं नसतं. पोरगी मॅट्रिकला बसत होती. नऊ पोरं तरत होती. बाई कायम होत होत्या. एक दीड पान तेवढं झाकलं जात होतं.

संध्याकाळी त्या आकुर्डीला गेल्या. हनीफच्या गॅरेजासमोर, उघड्यावर, एका बाजेवर एक धिप्पाड माणूस डोक्यावरून घोंगडी ओढून पडला होता. दिवस मावळायला आला होता, थंडी पडत होती. हनीफ ट्रकखालून सरकत बाहेर आला आणि हात पुसत उभा राहिला.

"या बाई. तो बरकत, माझा भाऊ. आत येतच न्हाई, काय करावं? च्या सांगतो तुमच्यासाठी. आमचा रोजा सुटायला टाइम हाय अजून, पर तुमी घ्या."

"नको, चहा नको." बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. सांगताना स्वतःचं नाव त्यांनी कसं कोण जाणे गाळलं. प्रश्न 'पेपरात आला होता', एवढंच म्हणाल्या.

हनीफनं ऐकून घेतलं. त्याला राग आला नाही, ते बाईंना फार लागलं. "म्हंजे पुस्तकातलं लिवलं की झालं? एवढंच ना? लिवल की. चार ओळीनं पोरीचं नशीब उघडत आसल तर आडवं कोण येतंय?" त्यानं आत हाक मारली. "ताजू, बाई आल्यात बघ."

ताजुन्निसा पिठाचे हात घेऊन बाहेर आली. बारीक अंगाची, रोज्यांनी आणखी बारीक झालेली. बाईंनी तिलाही सांगितलं. ती खाली बघत ऐकत होती.

"बाई, मी चूक लिवलं व्हतं का?"

"चूक नव्हतं."

"मग?"

बाजेवर बरकत कुशीवर वळला. बाईंना वाटलं, तो जागा आहे आणि ऐकतोय.

"तसं लिहून गुण मिळत नाहीत," बाई म्हणाल्या.

पोरीनं हाताला लागलेलं पीठ झटकलं. मग मान वर करून सरळ त्यांच्याकडं बघत म्हणाली, "तुमी सांगाल ते लिवते बाई. आमाला तुमीच शिकिवलंय. तुमीच सांगा, काय लिवू?"

ही वेळ होती. आयुष्यात माणसाला खरं बोलायची वेळ अशीच येते, रस्त्याच्या कडेला, ऑइलच्या वासात, कोणी बघत नसताना. बाई म्हणू शकल्या असत्या, नको लिहूस, मी सरांना लेखी देते, बघू काय होतं ते. तेवढं वाक्य त्यांच्या घशापर्यंत आलंही होतं. आणि त्यापुढं जुन्नरचं स्थळ दिसत होतं, आणि जूनमधली बैठक दिसत होती. दोन्हींतलं कुठलं जास्त मोठं दिसत होतं, ते त्यांनी पुढं कितीदा ठरवायचा प्रयत्न केला. ठरलं नाही.

"पुस्तकातलं लिही," त्या म्हणाल्या. "नीट पाठ करून ये."

"पाठ हाय की," ताजुन्निसा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिला सरांच्या खोलीत बसवलं. खासनीस सर टेबलाशी केळं खात होते. साल त्यांनी दौतीच्या शेजारी ठेवलं. मुलगी पहाटेपासून निर्जळी आहे हे बाईंनी त्यांना दारातच सांगितलं होतं. "असं का? बरं बरं," असं म्हणून त्यांनी दुसरं केळं सोललं. समोर कोरा कागद. बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. मनातून त्यांना एक आशा होती, आणि ती आशाही तशी हलकटच : पोरगी ऐन वेळेला पेन ठेवून देईल. नाही लिहीत म्हणेल. म्हणजे मग जे आपल्याच्यानं झालं नाही ते तिच्याकडून होईल, आणि आपण घरी जाऊन तिच्या बाणेदारपणाचं कौतुक करत रडू.

पोरीनं पेन ठेवलं नाही. झरझर लिहिलं. एकदा थांबली, खिडकीबाहेर बघितलं, पेनाचं टोक ओठाला लावलं, आणि आणखी तीन ओळी लिहिल्या. दहा मिनिटांत कागद पुढं सरकवला.

सरांनी वाचला. या वेळी खरोखर वाचला. वाचता वाचता त्यांचा चेहरा फुलत गेला.

"वा! बाई, बघा, बघा. पोरीला डोकं आहे. तीन कारणं पुस्तकातली, आणि हे चौथं! हे आपल्या नमुना उत्तरातसुद्धा नाही." त्यांनी मोठ्यानं वाचलं. "'चौथे कारण. महाराष्ट्रात वीजनिर्मितीसाठी कोयनेसारखी प्रचंड धरणे बांधली आहेत. त्यांतील पाण्याच्या अफाट वजनाने जमीन खाली दाबून धरलेली असते. त्यामुळे ती हलू शकत नाही.' किती शास्त्रीय! नैसर्गिक आपत्ती आणि ऊर्जासाधनं, दोन्ही एका कारणात. सोवनीबाई, पुढल्या वर्षीच्या नमुना उत्तरांत हे घालून घ्या. पाचही शाळांना जाऊ दे."

बाईंनी कागद घेतला. कालच्याच वर्तमानपत्रात त्यांनी वाचलं होतं, की शास्त्रज्ञ नेमकी उलटी शंका घेतायत. धरणात तुंबलेल्या पाण्याच्या भारानंच तर खालची जमीन हलली नसेल? मुलीनं ते वाचलं असणं शक्य नव्हतं. तिनं ते कारण तिथंच, त्या खुर्चीवर बसून रचलं होतं, आणि ते इतकं घाटदार होतं की खरं नसल्याचं कुणाला सांगूनही पटलं नसतं.

बाईंनी लाल पेन्सिलीनं चार आकडा घातला. शिपायानं खळ आणली आणि जुन्या दीड पानावर नवा कागद चिकटवला. कडेनं बाहेर आलेली खळ त्यानं अंगठ्यानं पुसली.

व्हरांड्यात ताजुन्निसा त्यांची वाट बघत थांबली होती. फॉर्म जाणार म्हणून तिचा चेहरा उजळला होता. ती खिन्न असती, रागावलेली असती, तर बाईंना बरं वाटलं असतं; पण ती आनंदात होती. पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे हसत होते.

"बाई," ती हळूच म्हणाली, "ते चवथं कारण पुस्तकात न्हाई. मी मनानंच घातलं. सरांना लई आवडलं, न्हाई का?"

"हो."

"बरुबर हाय ना, बाई?"

समोर रुळांवरून गाडी चालली होती. खोलीत सरांची खुर्ची करकन मागं सरली. बाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.